देवापुढचा पहिला नग

ज्ञानदेव घावटे तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारात शिरला की भाजीवाल्या बाया एकमेकींना डोळ्यांनी खुणावायच्या. आला गं बया, इन्स्पेक्टर आला! कारण हा बाबा वांगं कधी सरळ उचलून पिशवीत टाकायचा नाही. देठ हलवून बघणार, उन्हाकडं धरून बघणार, ढिगातलं वरचं खाली करणार, खालचं वर करणार आणि एवढा राडा घालून शेवटी घेणार किती, तर अर्धा किलो. साखरबाई म्हातारी एकदा वैतागून म्हणाली, "आरं मुडद्या, वांगी घ्यायला आलाईस का माझी पोरगी बघायला?"

"साखरबाई, वरची चार चांगली लावून खाली किडकी सारायची, ही तुमची विद्या मला ठावं हाय," असं म्हणून ज्ञानदेव खालचं वर करतच राहिला.

घरी तीच तऱ्हा. भाकरी एका कडेला जाड झाली की हा दोन बोटांत धरून म्हणायचा, "सुवर्णा, हितं जाड हाय गं." सुवर्णा, म्हणजे त्याची बायको, तव्यावरची नजर न हलवता सांगायची, "मग उद्या कंपनीतनं माप आणा आन् तुमीच थापा." लग्नाला वीसेक वर्षं झाली होती. ती आता या माणसाला बधत नव्हती.

आता असला हा तपासणीबहाद्दर फसावा कुठं? बाजारात नाही, घरात नाही. जिथं तपासण्याचाच पगार मिळतो तिथंच नेमका फसला. ज्ञानदेव हे आता स्वतःच सांगतो आणि सांगताना सगळ्यांच्या आधी हसतो, म्हणजे दुसऱ्यांना हसायला जागा उरत नाही.

रांजणगावच्या एमआयडीसीत विश्वजीतदादाचं वर्कशॉप आहे. ज्ञानदेव शिरूरच्या आयटीआयमधून टर्नर होऊन निघाला आणि विश्वजीतच्या वडिलांच्या काळातच तिथं चिकटला. आधी पंपाचे भाग, मग मोटारीचे, आणि मग एक दिवस विमानाच्या सीटखाली बसणाऱ्या ब्रॅकेटचं काम आलं. विमानाचं काम म्हटल्यावर कस्टमरचे नियम आले, आणि त्या नियमांबरोबर शिक्के आले. माल तपासणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचा एक शिक्का. बोटाच्या पेराएवढा, गोल, आत नंबर. ज्याचा त्यानंच मारायचा. मारल्यावर मी नव्हतो म्हणायचं नाही. आणि न बघता मारलेला सापडला तर शिक्का जमा करायचा आणि पुन्हा शिकायला बसायचं.

ज्ञानदेवाला नंबर एक मिळाला. वयानं मोठा म्हणून मिळाला होता, पण गावात सांगताना त्यानं कारण थोडं बदललं. काळ्या दोऱ्यात ओवून तो त्यानं गळ्यात घातला, तो अंघोळीलासुद्धा काढायचा नाही. सदऱ्याखाली टेंगूळ दिसायचं. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठल्या बाबाचा ताईत हाय?" तर हा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "कस्टमरचा."

तर त्या ब्रॅकेटमध्ये एक बुश बसायचं. बुश म्हणजे करंगळीच्या पेराएवढी पिवळसर नळीच. तिच्या भोकात पिन फिरते, म्हणून भोक नेमकं पाहिजे. हे बुश वर्कशॉपनं बनवायचं नव्हतं. ड्रॉइंग कस्टमरचं, आणि ते कुठून विकत घ्यायचं तेही कस्टमरनंच ठरवून दिलेलं. अमुक कारखान्यातूनच घ्या, दुसरीकडचं चालणार नाही. वर्कशॉपात सगळे त्याला 'नेमून दिलेला माल' म्हणायचे.

नवं काम सुरू करताना पहिला नग ड्रॉइंगवरच्या एकूण एक मापाला लावून बघायचा असतो. तो पास झाला तरच पुढचा माल. आता नट-बोल्टसारख्या बाजारच्या वस्तूला एवढी उस्तवार लागत नाही. पण कस्टमरच्या ड्रॉइंगचा विकतचा भाग असला, तर त्याच्याही पहिल्या नगाची खात्री माल घेणाऱ्यानं स्वतः करायची, मग तो कुणी का नेमून दिलेला असेना. हे ज्ञानदेवाला पाठ होतं. शिकवणीला तो पहिल्या बाकावर बसला होता आणि एवढी मान हलवली होती की शिकवणाऱ्याला वाटलं, याच्याकडूनच शिकावं.

बुशांचं खोकं आलं. काय ते पॅकिंग! पांढऱ्या कागदात एकेक बुश गुंडाळलेलं. वर एक छोटी वेगळी पिशवी, तिच्यात एकच बुश, त्याच्या मापांचा रिपोर्ट आणि नंबरची लाल चिठ्ठी. तपासणीत ज्ञानदेवाच्या हाताखाली करुणा होती. शिरूरच्या भीमनगरातली, डिप्लोमा झालेली, हाताला चपळ आणि जिभेला त्याहून चपळ. तिनं खोक्यात डोकावून विचारलं, "आप्पा, आतली थोडी मोजून घेऊ का?"

"कशापायी?"

"कशापायी म्हंजी? माल आलाय."

ज्ञानदेवानं चष्मा कपाळावर चढवला. त्याला समजावून सांगायचं असलं की चष्मा वर जायचा. "आगं करुणा, पाव्हण्यानं आहेर आणला तर त्येच्या म्होरं घडी मोडून आपण सूत मोजतो का? कस्टमरनं सवता दाखवलेलं दुकान हाय हे. संशय घेतला म्हंजी त्येचा अपमान झाला."

"पाव्हणा हितं कुठं हाय, आप्पा? खोकं हाय नुसतं."

"खोक्यालाबी मान असतो," असं म्हणून ज्ञानदेवानं गळ्यातला शिक्का ओढून बाहेर काढला, हिरव्या शाईत बुडवला आणि त्या कारखान्याच्या रिपोर्टवर ठप्पदिशी मारला. तपासून घेतलं. नंबर एक.

एवढ्यावर थांबला असता तरी भागलं असतं. पण वर्कशॉपची एक जुनी रीत होती. दारातून आत आलं की डाव्या हाताला गणपतीची फळी. नव्या कामाचा पहिला नग त्या फळीवर, हळदकुंकू लावून. सगळी शेतकऱ्यांची पोरं; घरी पहिलं कणीस देवाला, म्हशीचं पहिलं दूध देवाला, मग पहिला नग दुसऱ्या कुणाला जाणार? फळीवर अशा नगांची रांग लागली होती. वाटलं तर हसा, पण आतली गोष्ट अशी, की अगदी पहिला नग मशीन जुळवताना निघतो आणि तो हमखास वाया गेलेला असतो; मापाला लावतात तो त्याच्या मागचा. देवाला दिला की भक्ती होते, आणि नग का बिघडला हे कुणी विचारत नाही. वर्कशॉपात सगळ्यांना हे ठाऊक होतं. बोलायचं मात्र कुणी नाही.

ज्ञानदेवाला त्याची जरा टोचणी होती. इतकी वर्षं आपण देवाला भंगारच वाहतोय, असं त्याला अधूनमधून वाटायचं. आणि आज हातात ते देखणं बुश! आरशासारखं चकचकीत, रिपोर्टात सगळं पास. एकदा तरी देवाला धड नग जाऊ द्या, असं मनात आलं आणि ज्ञानदेवानं ते वेगळ्या पिशवीतलं बुश फळीवर ठेवलं, अंगठ्यानं कुंकू लावलं, हात जोडले. डोळे भरून आले होते म्हणे. करुणा लांबून बघत होती. ती काही या फळीपुढं हात जोडायची नाही, पण कुणाच्या श्रद्धेत बोटही घालायची नाही. ती आपली मापाची गेज पुसत राहिली.

मग ब्रॅकेटच्या पहिल्या नगाची तपासणी करायला कस्टमरकडून मोनाली मॅडम आल्या. तिशीच्या आतबाहेरच्या, दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या. दौंडचं नाव निघताच ज्ञानदेवाच्या अंगात सोयरपण संचारलं.

"आमची सासुरवाडी दौंडकडचीच, मॅडम. कुरकुंभाच्या अलीकडं. तुमचं आडनाव काय म्हनला?"

"आडनाव नंतर सांगते, आप्पा. आधी रिपोर्ट द्या," मॅडम हसून म्हणाल्या, आणि रिपोर्ट हातात घेऊन थेट शेवटचं पान उघडलं.

"सुरुवात हिकडून हाय, मॅडम."

"माहीत आहे. आमच्या दौंडला येऊन गाडीचं इंजिन उलट्या टोकाला लागायचं, ते बघत मी मोठी झाले. मी पण शेवटून सुरू करते. माणसं पहिली पानं फार छान लिहितात."

ज्ञानदेव हसला, पण शेवटच्या पानावर बुश होतं हे आठवून ते हसू अर्ध्यावरच राहिलं. मॅडमचं बोट त्याच ओळीवर थांबलं.

"हे बुश. रिपोर्ट सप्लायरचा आहे. तुम्ही स्वतः काय मोजलंत?"

"मॅडम, ते तर तुमच्याच लोकांनी नेमून दिलेलं…"

"म्हणून तर विचारतेय. दुकान आम्ही दाखवलं, आप्पा. माल घेतला तुम्ही." मॅडमचा आवाज चढला नव्हता. "ज्या नगाचा हा रिपोर्ट आहे, तो नग आणा. मी बघते."

"आत्ता आणतो," म्हणून ज्ञानदेव उठला आणि सरळ फळीपुढं जाऊन उभा राहिला. बघतो तर काय! बुशावर कुंकवाचा थर, त्यावर दिव्याचं तेल ओघळलेलं, झेंडूची एक पाकळी चिकटलेली, आणि भोकात एक मुंगी. विमानाच्या मालाला केस चालत नाही, धूळ चालत नाही, म्हणून हाच ज्ञानदेव पोरांना डोक्याला जाळीची टोपी घालायला लावायचा. नसली की ओरडायचा. आणि इथं त्याच्याच कृपेनं मुंगीनं संसार मांडला होता. वा रे नंबर एक, तो स्वतःला म्हणाला, आता हे ताट घेऊन जा आणि मॅडमला सांग, घ्या प्रसाद.

त्याला लाज वाटली. साधीसुधी नाही, कानाच्या पाळ्या तापतील अशी. लाजेतून त्याला युक्ती सुचली. स्टोअरच्या खोक्यात तशीच बुशं आहेत. त्यातलं एक घ्यावं, लाल चिठ्ठी त्याला बांधावी, द्यावं मॅडमच्या हातात. सगळी एकाच कारखान्याची लेकरं, कोण ओळखणार? तो स्टोअरमध्ये गेला, एक बुश काढलं, आणि हाताच्या सवयीनं प्लग गेज उचललं.

हे गेज म्हणजे दोन टोकांची गुळगुळीत दांडी. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं टोक जाता कामा नये. दुसरं गेलं तर भोक मोठं, नग बाद. लहान पोरालाही कळेल इतकं सोपं. ज्ञानदेवानं पहिलं टोक घातलं, गेलं. दुसरं टोक टेकवलं आणि ते सुळकन आत गेलं.

त्यानं ते बाहेर काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. पुन्हा सुळकन. दुसरं बुश घेतलं, तिसरं घेतलं, मग खोक्याच्या पार तळातली काढली. जे घ्यावं त्यात जात होतं. ज्ञानदेव उलट्या क्रेटवर बसला. तेवढ्यात करुणा त्याला शोधत आली. त्यानं एक बुश तिच्यापुढं धरून दांडी आरपार घालून दाखवली.

"आगं बाई," करुणा म्हणाली. मग तिनं विचारलं, "आन् देवापुढचं?"

दोघं फळीपाशी आले. ज्ञानदेवानं मुंगी फुंकून काढली, भोक पुसलं. पहिलं टोक गेलं. दुसरं टोक अडलं, गच्च. एकदम पास.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्या कारखान्यानं एक चांगला नग निवडून, मोजून, त्याचा रिपोर्ट लावून वर ठेवला होता, आणि खाली भरली होती किडकी वांगी! साखरबाईची विद्या! दर बाजाराला वरचं खाली केल्याशिवाय देठालाही हात न लावणारा हा शहाणा विमानाच्या मालाला मात्र वरचं बघूनच भुलला, आणि वर शिक्का मारून बसला.

"आप्पा, सापडला का नग?" विश्वजीतदादा लगबगीनं आला. मालक असला तरी ज्ञानदेवाच्या अंगाखांद्यावर खेळलेला पोर. त्यानं कुंकवानं माखलेलं बुश बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अरारा! बरं, पास तर हाय ना ह्यो?"

"ह्यो पास हाय," ज्ञानदेव म्हणाला. बाद बुशं त्याच्या डाव्या मुठीत होती. मूठ त्यानं उघडली नाही.

"मग पुसा की स्पिरिटनं आन् द्या! देवानंच राखला बघा. आवरा लवकर, मॅडमला चहा किती वेळ पाजू?" आणि तो गेलाही.

करुणा तिथंच उभी होती. "मी काय बोलू, आप्पा? शिक्का तुमचा हाय," एवढंच ती म्हणाली, आणि तिला 'मी तेव्हाच विचारलं होतं' असं म्हणता येत असून तिनं म्हटलं नाही, याचं ज्ञानदेवाला जास्त लागलं.

आता त्याचं डोकं काय धावायला लागलं म्हणता! हा चांगला नग मॅडमला द्यायचा. ब्रॅकेट पास. शिक्का गळ्यात. खोकं नंतर गुपचूप परत पाठवायचं, वाटेत माल खराब झाला म्हणून. कुणाचं काही वाकडं नाही. भानगड निस्तरायला हे डोकं एवढं चालतं, मग भानगड व्हायच्या आधी कुठं चरायला गेलं होतं, हे त्याचं त्यालाच कळेना. त्यानं फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि बुश पुसायला लागला. कुंकू निघालं, पण कडेच्या खाचेत लाल रेघ राहिली. तो घासत राहिला, रेघ तशीच. आणि घासता घासता त्याच्या लक्षात आलं, की आपण देवाला वाहिलेलं परत घेतोय, आणि घेतोय ते कशाला, तर खोटं बोलायला.

शिवाय खोकं परत जाईलच कशावरून? मॅडम पास करून गेल्या की विश्वजीत म्हणेल, चला, लावा मशीन. परत पाठवायचं उद्यावर जाईल, मग परवावर. ज्ञानदेव स्वतःला चांगला ओळखत होता. तो विमानात कधी बसला नव्हता, पण त्या सीटवर कुणाची तरी सुवर्णा पदर सावरून बसणार होती, आणि तिच्याखाली नंबर एक बघून घेतलेला माल असणार होता.

त्यानं फडकं टाकलं. फळीवरची आरतीची ताटली घेतली, तिच्यात ते लाल रेघेचं बुश ठेवलं, डावी मूठ उघडून बाकीची बुशं बाजूला ठेवली, गेज ठेवलं, आणि गेला मॅडमपुढं. मनात दोन-चार चांगली वाक्यं जुळवली होती. ताटली टेबलावर ठेवली आणि तोंडातून निघालं, "मॅडम, वरचं वांगं चांगलं हाय. खालची किडकी हायेत."

मॅडमनी ताटलीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. मग काही न विचारता गेज उचललं. एकेक बुश घेतलं. दांडी सुळकन जात राहिली. शेवटी लाल रेघेचं घेतलं, तिथं ती अडली. विश्वजीतचा चेहरा पडला.

"आणि हे लाल काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"कुंकू," ज्ञानदेव म्हणाला, आणि मग खालमानेनं सगळंच सांगितलं. आहेर, खोक्याचा मान, देवाची फळी, चिठ्ठी बदलायची युक्तीसुद्धा. मुंगीचंही सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती, पण सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. मॅडमनी ओठ घट्ट मिटून धरले होते. मुंगीपाशी ते थोडे सुटले.

"हा लॉट थांबला," त्या म्हणाल्या. "सप्लायरकडं मी बघते. त्याला आम्ही नेमलंय, तेव्हा ते निस्तरणं आमच्याकडं. तुमचं काम जात नाही विश्वजीतराव, नवा माल आला की मी परत येईन. पण आप्पा, रिपोर्टवर हिरवा शिक्का तुमचा आहे."

"व्हय."

"न मोजता मारलेला."

"व्हय, मॅडम."

"नियम माहीत आहे ना?"

"मीच शिकवतो की पोरांना," ज्ञानदेव म्हणाला, आणि हात गळ्याकडं नेला. दोऱ्याची गाठ घामानं, पाण्यानं दगड झालेली. त्यानं नखानं ओढली, डोक्यावरून काढायचा प्रयत्न केला तर दोरा कानात अडकला. एवढी जन्मभराची अब्रू चाललीय आणि हा मेला कानात अडकलाय! शेवटी करुणानं नगाच्या कडा काढायचं पातं आणलं, त्याच्या मानेमागं हळूच बोट घातलं आणि दोरा कापला. शिक्का पाकिटात गेला, पाकीट विश्वजीतच्या कपाटात. पुन्हा शिकून परीक्षा पास होईपर्यंत तिथंच. शिकवणार कोण? तर करुणा.

निघताना मॅडमनी सुधारणा लिहून दिल्या. शेवटची अशी होती: देवासाठी एक नग जादा मागवावा आणि त्यावर 'वापरायचा नाही' असं लिहावं. गाडीत बसता बसता त्या म्हणाल्या, "आप्पा, तो एकच चांगला नग पुसून आणून दिला असता, तर खालचं मला कळलं नसतं कदाचित."

"मला कळलं असतं, मॅडम," असं काहीतरी बाणेदार म्हणावं, हे ज्ञानदेवाला गाडी फाट्याच्या पलीकडं गेल्यावर सुचलं. त्या वेळी तो म्हणाला, "दौंडला मामांना नमस्कार सांगा." कुठले मामा, कुणाचे मामा, देव जाणे.

घरी सुवर्णानं ताट वाढलं. ज्ञानदेव मुकाट जेवत होता. एका कडेला भाकरी चांगली जाड होती, तरी बोलला नाही, तेव्हाच तिला शंका आली. मग उघडा गळा दिसला.

"ताईत कुठं हाय?"

त्यानं सांगितलं. हसत हसतच सांगायला घेतलं, वांग्यापर्यंत हसला, आणि दोरा कापल्याचं सांगताना आवाज फुटला. पन्नाशीला टेकलेला माणूस, ताटावर रडायला लागला. सुवर्णानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"एवढं काय त्यात," मग ती म्हणाली. "तुमास्नी माझ्या मामानं आणलं तवा आमच्यात कुणी तपासलं हुतं? मामानं सांगितलंय म्हंजी चांगलंच असंल, म्हनले सगळे. उंची साडेपाच फूट सांगितली हुती. चपला काढल्यावर किती भरला?"

ज्ञानदेवानं नाक पुसलं. "मग माघारी का न्हाई धाडला?"

"कसा धाडू? लॉटमधी एकच नग हुता."

तो हसला, ठसका लागेपर्यंत हसला, आणि मग म्हणाला, "सुवर्णा, भाकरी हितं जाड झालीय गं."

"हां," ती म्हणाली, "आता जेवा."

करुणाची शिकवणी सुरू झाली. ज्ञानदेव पहिल्या बाकावर न बसता मागं बसला. तिनं पुढं बोलावलं. "आप्पा, कस्टमरनं नेमून दिलेल्या मालाचा पयला नग कुणी बघायचा?"

"ज्यानं घेतला त्यानं."

"आन् पाव्हणा म्होरं बसला आसंल तर?"

"त्येच्या म्होरंच घडी मोडायची." पोरं फिदीफिदी हसली, ज्ञानदेव त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसला.

नवा लॉट आला. करुणानं खोकं तळापर्यंत उपसलं, ज्ञानदेव शेजारी बसून एकेक बुश पुसून देत होता. सगळी पास. मोनाली मॅडम येऊन ब्रॅकेट पास करून गेल्या. त्या दुपारी मशीनं थांबली असताना ज्ञानदेव मायक्रोमीटर घेऊन देवाच्या फळीपाशी गेला आणि इतक्या वर्षांचे पहिले नग त्यानं एकेक करून मोजले. पंपाचा, मोटारीचा, झाडून सगळे. एकही पास नव्हता. आणि गणपतीनं आजवर एकही नग नापास करून माघारी पाठवला नव्हता. ज्ञानदेवाला इतकी शरम वाटली की त्यानं फोटोकडं न बघताच फळी पुसली.

करुणा आली. हातात एक बुश, त्याला चिठ्ठी: वापरायचा नाही. "घ्या. तुमच्या देवाचा. मी मोजलाय."

ज्ञानदेवानं घेतलं, आणि तरी गेज उचललं. पहिलं टोक गेलं. दुसरं अडलं. त्यानं बुश फिरवून पुन्हा बघितलं, उजेडाकडं धरून बघितलं. करुणा हसून म्हणाली, "बाजारात हाईसा का, आप्पा?"

त्यानं बुश फळीवर ठेवलं आणि सवयीनं हात छातीकडं गेला. तिथं काही नव्हतं. करुणानं नजर दुसरीकडं वळवली. मग ज्ञानदेवानं करंड्यात अंगठा बुडवला, शिक्का मारावा तसा बुशावर नीट टेकवला, दाबला, आणि अंगठा उचलून गणपतीला म्हणाला, "ह्यो बघून मारलाय."